पहिल्या ठोक्याच्या आधी

डेटन, ओहायो
७ सप्टेंबर १९७५

होजेया,

तुझ्या बायकोला सांग, आज दुपारी फोन करून नुसता धापा टाकणारा तो घाणेरडा माणूस म्हणजे मी. तुझा सख्खा भाऊ. तिनं "हॅलो" म्हटलं, मी "व्हर्नेल" म्हणायला गेलो आणि पहिल्याच अक्षरावर गाडी अडकली. "रविवारी तरी लाज बाळगा!" म्हणाली आणि आपटला फोन. मी पुन्हा लावला. या वेळी तिनं माझ्या आत्म्यासाठी चांगली लांबलचक प्रार्थना म्हटली, आमेनसकट, आणि मग आपटला. तू उचलला असतास तर थांबला असतास. तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

मुद्द्याचं बोलतो. परत ये.

रेकॉर्डची पहिली बाजू तयार आहे, चारही गाण्यांत तू आहेस आणि चारही गाणी आग आहेत. दुसरी बाजू रिकामी आहे. ज्या एका लांब गाण्यासाठी आपण अख्खा उन्हाळा आपला गायक क्लीओफस याच्या गॅरेजमध्ये घामानं भिजलो, तेच वाजवायच्या आदल्या दिवशी तू उठलास, ड्रमच्या काठ्या खिशात घातल्यास आणि "मला प्रभूनं बोलावलंय" म्हणून दक्षिणेत माँटगोमेरीला चालता झालास. प्रभूला एक दिवस थांबता आलं नसतं का? तो तर अनादी अनंत आहे म्हणतात.

रेकॉर्ड कंपनीचा माणूस गुळगुळीत बोलतो पण अर्थ सरळ आहे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत दोन्ही बाजू हातात दिल्या तर रेकॉर्ड निघेल. नाही दिल्या तर करार संपला आणि बटर कमिटी नावाचा बँड कधी होता हे डेटनच्या वेस्ट साइडच्या बाहेर कुणाला कळणार नाही. क्लीओफस पुन्हा ट्रक चालवेल. मी फाउंड्रीत जाईन म्हटलं तरी घेणार नाहीत. सोडताना फोरमनला जे सुनावलं ते सुनावायला मला वेळ लागला, पण एक शब्द गाळला नाही.

पण फाउंड्री हे खरं कारण नाही, आणि तुला ते माहीत आहे. मला बोलता येत नाही, होजेया. शाळेत तोतऱ्या होतो, दुकानात तोतऱ्या आहे, पोरींसमोर तर विचारूच नकोस. एका ठिकाणी माझी जीभ चालते: गळ्यात बेस गिटार असते आणि मागे तू असतोस. ते गेलं तर माझ्याकडे काही राहत नाही. मी मुका होईन आणि लोकांना फरकही कळणार नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, माझा थोरला देवाच्या कामाला लागला. तिचं तोंड बघवत नाही इतकी खूश आहे.

ये.

लूशस


डेटन
२८ सप्टेंबर

होजेया,

तुझं कार्ड मिळालं. "तुझ्यासाठी प्रार्थना करतो." बस? मी चार पानं लिहितो आणि तू एक ओळ पाठवतोस, तीही अशी की कुणालाही पाठवावी.

व्हर्नेलनं खाली लिहिलंय की फोनबद्दल ती माझी माफी मागते, पण हे संगीत सैतानाचं आहे आणि होजेया आता त्यातून सुटला आहे. बरं. मग सैतानाचं एक कौतुक करायलाच हवं, तो कामात टाळाटाळ करत नाही. आपण दोघांनी मिळून घेतलेली ती हिरव्या कव्हरची रेकॉर्ड आठव, सिनसिनाटीच्या पोरांची. काल ती मी दिवसभर वाजवली, शेजारची बाई भिंतीवर बुक्की मारेपर्यंत. आणि मग तिचाही ठोका बरोबर पडतोय म्हणून आणखी एकदा वाजवली.

टॉलिव्हरच्या सलूनमध्ये अजून तोच वाद चालतो. कुठली रेकॉर्ड सगळ्यात भारी आणि का? टॉलिव्हर वस्तरा हवेत धरून म्हणतो, "ट्रम्पेट! ट्रम्पेट नसेल तर ते गाणं नव्हे, नुसती कंबरदुखी आहे." क्लीओफस म्हणतो, "म्हाताऱ्या, तू केस काप. आपलं फंक संगीत म्हणजे बेस." मला बोलायचं होतं, पण माझं वाक्य बाहेर पडेपर्यंत दोन गिऱ्हाइकांची दाढी झाली असती. तर इथे लिहितो. त्या हिरव्या रेकॉर्डवर गिटारवाला अख्ख्या गाण्यात एक एवढासा तुकडा वाजवतो आणि गप्प बसतो. पुन्हा तोच वाजवतो आणि गप्प बसतो. त्याला येत नाही म्हणून नाही, त्याला सगळं येतं. पण बाकीच्यांना जागा हवी म्हणून तो हात आवरतो. मध्येच कुणाची तरी खुर्ची करकरते, ती त्यांनी काढून टाकली नाही. गाणारा हसतो, तेही ठेवलंय. सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांच्या घामाच्या वासात बसून वाजवलंय आणि पहिल्या ठोक्यावर, आपण ज्याला 'एक' म्हणतो त्यावर, सगळे मिळून उतरतात, लांबून आलेली माणसं जेवायला एकदम बसावीत तसे. मधे कुणी कुठेही भटको, एकावर हजर. जी रेकॉर्ड महान होते ती अशी होते. हुशारीनं होत नाही. हुशार रेकॉर्डी दुकानाच्या मागच्या खोक्यात स्वस्तात पडलेल्या असतात.

यात सैतान कुठे आहे, मला दाखव.

क्लीओफसनं नवा ड्रमर आणलाय, क्लीव्हलंडचा. वेंडेल पिकेट. चाळिशी उलटलेली, तीन मुलींचा बाप, पूर्वी नौदलाच्या बँडमध्ये होता. शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश. मला "मिस्टर लूशस" म्हणतो. वाजवतो इतकं अचूक की घड्याळ लावून घ्यावं. आम्ही पाच दिवस सकाळी वाजवलं आणि पाचही वेळा टेप ऐकून कपाळाला हात लावला. शेवटी क्लीओफस म्हणाला, "परेडला निघाल्यासारखं वाटतंय. झेंडा कुणी आणलाय का?"

वेंडेल हसला नाही. काठ्या पुसत बसला.

तू मेलास तर निदान लोक रडतील आणि मला कारण तरी असेल. तू जिवंत आहेस आणि येत नाहीस. हे मी खोडणार नाही, राहू दे.

लूशस


डेटन
१९ ऑक्टोबर

होजेया,

तू उत्तर देत नाहीस तर मी ओरडतो तरी.

आम्ही काय मूर्खपणा केला ते ऐक. तुझा 'एक' नेहमी केसभर उशिरा पडायचा, हे तर सगळ्या डेटनला माहीत. आपल्या त्या जुन्या दोन गाण्यांवर लोक त्याच केसभरासाठी वेडे होतात, त्या एवढ्याशा पोकळीत सगळ्यांचे गुडघे वाकतात. तर क्लीओफसनं वेंडेलला सांगितलं, "उशिरा मार."

"किती उशिरा?" वेंडेलनं विचारलं. माणूस प्रामाणिक आहे.

"थोडा."

"थोडा म्हणजे किती, मिस्टर क्लीओफस?"

"अरे देवा! जेवायला बोलावल्यावर तू हात धुवायला जातोस ना, तेवढा!"

वेंडेलनं मान हलवली आणि दर वेळी अगदी सारखाच उशीर केला. एकाच मापाचा. ऐकताना असं वाटायचं की एका माणसाची रोज तीच बस तेवढ्याच वेळानं चुकतेय. ट्रम्पेटवाले तोंड फिरवून हसले. वेंडेलनं ते पाहिलं. त्याचे कान लाल झाले आणि मला त्याची दया यायला हवी होती, पण मला त्याचा रागच आला, कारण तो तू नव्हतास.

मग मी दुसरा मूर्खपणा केला, आणि हा माझ्या एकट्याचा. तुझ्या उन्हाळ्यातल्या तालमीची टेप होती, तिच्यातला तुझ्या एकट्याचा तुकडा कापला, टोकाला टोक चिकटवून त्याचं कडं केलं, आणि ते मशीनमधून ओवून माइकच्या दांड्याभोवती फिरवलं. टेप गोल गोल फिरत राहिली आणि खोलीत तू वाजायला लागलास. होजेया, माझ्या अंगावर काटा आला. तूच. तोच पाय, तोच हात. क्लीओफस म्हणाला, "बेस घे, पळ, लवकर!" मी बेस घेतला आणि वाजवायला लागलो आणि पहिल्याच फेऱ्यात मी आधी पोचलो. दुसऱ्यात मागे पडलो. मी तुला शोधत होतो आणि तू आपला फिरत होतास, मी असलो काय नि नसलो काय.

तेव्हा मला ते कळलं. मी बेस खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

तू उशिरा मारत नव्हतास. तू माझ्यासाठी थांबत होतास.

एकावर उतरायच्या आधी मी अडखळतो. बोटंही अडखळतात, जीभ अडखळते तशीच, फक्त इतकं थोडं की कुणाला कळत नाही. तुला कळायचं. लहानपणी दुकानात मी "ब्रेड" म्हणायला लागलो की मागची माणसं चुळबुळ करायची आणि तू सगळ्यांकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभा राहायचास, शब्द येईपर्यंत. माझ्याऐवजी तू तो शब्द कधीच उच्चारला नाहीस. ड्रमवरही तू तेच करत होतास. ज्याच्यावर अख्खं डेटन नाचतं तो तुझा केसभर उशीर म्हणजे मी आहे. माझं तोतरेपण आहे ते.

आता मला सांग, हे मी दुसऱ्या कुणाला कसं शिकवू? वेंडेलला काय सांगू, "माझा मोठा भाऊ हो"?

लूशस


डेटन
२ नोव्हेंबर

होजेया,

कंपनीच्या माणसानं टेप ऐकली. म्हणाला, पहिल्या बाजूनं तो खुर्चीवरून उठला आणि दुसऱ्या बाजूनं परत बसला. आणखी संधी एकच, तीही क्लीओफसनं हातापाया पडून मिळवली. ट्रम्पेटवाले दुसऱ्या बँडशी बोलणी करतायत, समोर नाकारतात, पण मला ऐकू येतं. मुका असलो तरी बहिरा नाही.

मी खात नाही. आईला कळलंय की काहीतरी बिनसलंय. तिनं काल मासा तळून आणला आणि समोर बसून राहिली. मी एक घास खाल्ला आणि रडायला लागलो, एवढा मोठा घोडा मी, आणि ती विचारत राहिली, "कोण मुलगी आहे रे?"

एक दिवस दे. एकच गाणं. वाजव आणि पुढच्या बसनं परत जा. पास्टरला सांग, भाऊ मरायला टेकला होता. खोटं नाही ते. तुझं नाव कव्हरवर नको असेल तर नाही छापणार. तुझा देव क्षमा करतो ना? मग त्याला थोडं काम दे.

तू येत नसशील तर मी येतो. या रविवारी तुझ्या चर्चमध्ये असेन. मला हाकलायचं असेल तर सगळ्यांसमोर हाकल.

लूशस


माँटगोमेरी, बस स्टँड
१० नोव्हेंबर

होजेया,

बसला वेळ आहे. समोर कॉफी आहे, ती निवते आहे. काल जे झालं ते तू पाहिलंस, पण मान खाली घालून पाहिलंस, म्हणून तुला न दिसलेलं लिहितो.

मला वाटलं होतं तू ड्रम सोडलास. दारातून आत आलो तर पुढे खांबाशी तू बसलेला, ड्रमवर, आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायका खंजिऱ्या घेऊन. गाणं सुरू व्हायचं होतं. सगळ्यांचे हात वर होते आणि अख्खी मंडळी तुझ्या पायाकडे बघत होती. टाळी नाही, श्वास नाही. तू कसली घाई केली नाहीस. आणि मग तुझा पाय पडला आणि ती लाकडी इमारत अशी हलली की माझी टोपी हातातून पडली. व्हर्नेलचं सैतानाचं म्हणणं मला तिथेच संपवता आलं असतं, कारण हा तोच 'एक' होता, सिनसिनाटीच्या हिरव्या रेकॉर्डवरचा, फक्त इथे देवाच्या नावानं.

मग साक्ष द्यायची वेळ झाली. एकेक जण उभं राहून सांगत होतं, प्रभूनं दुखणं बरं केलं, प्रभूनं पोराला तुरुंगातून सोडवलं. आणि मी उभा राहिलो. प्रभूनं काय केलं ते तिथे सांगायचं असतं, भाऊ मागायचा नसतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कुठे मागणार होतो? फोनवर?

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. "म" वर अडकलो. मान ताणली, डोळे मिटले, सगळी ती जुनी सर्कस. पुढच्या बाकावरची ती पांढऱ्या टोपीची म्हातारी, मिस ओडेसा ना तिचं नाव?, ती म्हणाली, "सावकाश, बाळा. सावकाश." मागून कुणी म्हणालं, "त्याला हात दे, प्रभू!" "कुठं जायची घाई आहे? सावकाश!" शंभर माणसं माझ्यासाठी थांबली. माझ्या उभ्या जन्मात तू सोडून कुणी थांबलं नव्हतं. शेवटी ते आलं, आणि फार मोठ्यानं आलं: "माझा भाऊ मला परत द्या."

व्हर्नेल रडत होती. तू मान वर केली नाहीस.

नंतर अंगणात तू कागदाच्या ताटात मला मक्याचा पाव आणि पालेभाजी आणून दिलीस आणि आपण गाडीला टेकून उभे राहिलो. तू जे बोललास ते इथे लिहून काढतो, कारण ऐकताना ते माझ्या आत गेलं नाही.

"मी येणार नाही, लूशस."

"ए-एक गाणं."

"एकही नाही. आणि सैतानाचं कारण देऊन तुला फसवणार नाही. व्हर्नेलला वाटतं ते तिला वाटू दे. तो उन्हाळा आठवतोय? गॅरेजमधला? तुम्ही सगळे नाचत होतात. मी मोजत होतो. तू कधी येशील, तू या वेळी येशील की नाही, आधी हात उचलू की थांबू. सात वर्षांचा असल्यापासून हेच चाललंय. दुकानात, शाळेत, स्टेजवर. मी झोपेतही तुझ्यासाठी थांबायचो."

मी म्हटलं, "त्यानंच तर ते भारी व्हायचं." आता लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"हो ना," तू म्हणालास. "लोकांना आवडायचं." मग तू चर्चकडे हात केलास. "इथे मी बसलो की ही सगळी माझ्यासाठी थांबतात, लूशस. माझ्यासाठी. पहिल्या रविवारी मला समजेना हे काय चाललंय. मी ड्रमवर बसून रडलो. त्यांना वाटलं माझ्या अंगात पवित्र आत्मा आला."

आणि मग तू म्हणालास, "खा, गार होतंय."

मी भांडायला आलो होतो. मी ताट रिकामं केलं. तू मला स्टँडपर्यंत सोडलंस, मी तुला मिठी मारली तेव्हा तुझ्या शर्टाला घामाचा वास येत होता, गॅरेजसारखाच. मला तेव्हाही म्हणावंसं वाटलं, ये. आत्ताही वाटतंय. किती निर्लज्ज आहे मी.

बस लागली.

लूशस


डेटन
२३ नोव्हेंबर

होजेया,

हे पत्र मागण्याचं नाही. वाच.

काल सकाळी शेवटची संधी होती. क्लीओफसचं तोंड मयताला आल्यासारखं होतं. वेंडेल आधीच येऊन बसला होता, तोच इस्त्रीचा शर्ट. मी माझी खुर्ची नेहमीच्या जागेवरून उचलली, सगळ्यांकडे पाठ केली आणि त्याच्यासमोर मांडली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. त्याला वाटलं मी भांडायला आलोय.

"मिस्टर लूशस, मी उशिरा मारतोय, शपथ. तुम्ही म्हणाल तेवढा."

मी नाही म्हणून मान हलवली. वाजवायला लागलो.

इतके आठवडे मी त्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं, मी तुझ्या जागेकडे बघत होतो. काल पाहिलं. तो घाबरलेला आहे, होजेया. पहिल्या ठोक्याच्या आधी त्याचा उजवा खांदा वर येतो आणि तिथेच अडकतो, कुणी ओरडेल की काय म्हणून, आणि मग तो जीव मुठीत धरून मापावर मारतो. त्याच्या खांद्याला माझ्यासारखंच होतं. तो अडखळतो.

मी थांबलो. बोटं तारेवर ठेवून थांबलो, त्याचा खांदा खाली येईपर्यंत. पहिल्या फेरीत भलतंच झालं, क्लीओफस ओरडला, "लूशस, झोप लागली का?" दुसऱ्या फेरीतही तेच. वेंडेलनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा थांबलो. मग त्याला उमगलं की मी कुठे जाणार नाही. त्याचा खांदा आला, हवा तेव्हा आला, आणि आम्ही दोघं एकावर उतरलो. एक ट्रम्पेटवाला डोलत खुर्चीवरून उठला. क्लीओफसनं गायच्या जागी नुसतंच "अगं आई गं" म्हटलं, ते टेपवर आहे आणि आम्ही ते ठेवणार आहोत.

तुझ्यासारखं झालं नाही. खोटं बोलणार नाही. तुझ्याबरोबर ते कमरेत बसायचं, हे जरा वर, छातीत कुठेतरी बसतं. पण परेड नाही. कुणी झेंडा मागितला नाही. कंपनी काय म्हणेल ते बुधवारी कळेल, नाही म्हणाली तर मी अजूनही मरेन, त्यात काही बदल नाही.

शेवटचा सूर विझेपर्यंत कुणी हललं नाही. मग वेंडेलनं कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, "दर वेळी तुम्ही कुणासाठी थांबत होता?"

मला त्याला म्हणायचं होतं, 'तुझ्यासाठी.' शब्द अडकला. मान ताणली, डोळे मिटले. उघडले तेव्हा वेंडेलनं काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि तो माझ्याकडे बघत बसून होता.

लूशस